पालखीचा पहिला खांदा

फोन आला तेव्हा मी तासगावला भावाच्या बेदाण्याच्या शेडवर होते. निवृत्त झाल्यापासून हंगामात माझं तेवढंच काम... जाळ्यांवर पसरलेल्या द्राक्षांकडे बघत बसायचं आणि भावाला नको ते सल्ले द्यायचे. "म्याडम, धोंडीराम बोलतोय. आवं, हौसाक्का गेल्या." मी जिथे ग्रामसेविका होते, त्या गावच्या ग्रामपंचायतीचा हा शिपाई. कशानं गेल्या, विचारलं, तर म्हणाला, "कशानं म्हंजी... वय झालं. सकाळी उठल्या, आपलं आपण आवरलं, च्या घेतला आन भितीला टेकल्या त्या टेकल्याच." भाऊ विचारायला लागला, कोण गेलं, नात्यातलं का? काय सांगणार? ज्या बाईनं मला भर गल्लीत खोटारडी ठरवलं आणि तरी जिच्याइतकं मोठं माणूस मी चाकरीच्या सगळ्या वर्षांत पाहिलं नाही, तिला नात्यातलं म्हणायचं की नाही? "व्हय, नात्यातलंच," मी म्हटलं.

गावाचं नाव लिहीत नाही. धोंडीरामानं तसं बजावलंय. "समदं लिवा, पर नाव तेवढं नगं. संडासाच्या गोष्टीत गावाचं नाव आलं की सोयरिकी अडत्यात." तर रहिमतपूरपासून जवळचं एक गाव समजा. चार गल्ल्या, भोवती ऊस, घरटी एखादा माणूस सैन्यात. गावाबाहेर माळावर धनगरवस्ती. पूर्वेकडच्या कोरड्या मुलखातून मेंढरं घेऊन येणारी ही माणसं मागच्या पिढीत इथे थांबली आणि थोडीफार शेतीही करायला लागली. गावात राहायची, पण गावाच्या हिशेबात नसायची. माझी बदली तिथे झाली, तेव्हा घरोघरी शौचालय व्हावं म्हणून वरून नेट लागला होता. काम सोपं होतं. अनुदान द्यायचं, बांधून घ्यायचं, दारासमोर घरमालकाला उभं करून मोबाइलवर फोटो काढायचा आणि पाठवून द्यायचा. मी झपाट्यानं कामाला लागले. अशी कार्यक्षम बाई या तालुक्यानं पाहिली नसेल, असं माझं मलाच वाटायला लागलं होतं.

थोरल्या गल्लीत असाच एक फोटो काढून वळले, तर मागे एक बाई उभ्या. याच हौसाक्का. साठी ओलांडलेली, उंच, काटक, डोक्यावर वैरणीचा भारा. भारा खाली टाकून त्यांनी मी नुकताच फोटो काढलेल्या शौचालयाचं दार उघडलं. आत छतापर्यंत शेणी रचलेल्या होत्या. "म्याडम," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ह्या शेणी बसत्यात व्हय हितं परसाकडंला?" अख्खी गल्ली हसली. मी लाल झाले. वापर व्हायला वेळ लागतो, टप्प्याटप्प्यानं होईल, असलं काहीतरी पुस्तकी बोलले. "पर तुमी तर झालं म्हणून लिवलं की," त्या म्हणाल्या, "खोटंच म्हनायचं मग." भारा उचलून त्या गेल्यासुद्धा. घरी येऊन मी दोन दिवस त्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी एकटीच फिरून प्रत्येक दार उघडून पाहिलं... सरपण, कडबा, एके ठिकाणी खुडूक कोंबडी. वापरातली शौचालयं बोटांवर मोजण्याइतकी.

त्यात एक त्यांचं होतं. चहा देताना त्यांनी आपणहून सांगितलं ते मी विसरू शकत नाही. त्यांची सासू पडली आणि खुब्यात मोडली. घरात शौचालय नव्हतं. हौसाक्का तिला पाठुंगळी घेऊन उसाच्या कडेला न्यायच्या, पहाटे आणि दिवस मावळल्यावर. दोन वर्षं. "वझं न्हवतं म्हातारीचं. लाज व्हती तिला. तिनं सांजचं खायाचंच सोडलं. आमी भाकरी पुढं केली की म्हनायची, भूक न्हाई. मला कळायचं, ही मला उचलाय लागू ने म्हनून उपाशी निजती." पदरानं कप पुसत त्या म्हणाल्या, "उपाशीच गेली वो ती." सासू गेल्यावर त्यांनी स्वतः उभं राहून परसात शौचालय बांधून घेतलं होतं. गावातलं ते पहिलं.

पुढचं वर्ष मी आणि त्यांनी जे जे केलं, ते सगळं फसलं. मी वरून आलेल्या लोकांबरोबर पहाटे ओढ्याकडे जायची. आम्ही शिट्ट्या वाजवायचो, बसायला आलेल्यांना गुलाबाचं फूल द्यायचो, टमरेलं जप्त करायचो. जाणती माणसं टमरेल टाकून उसात पळायची. ग्रामपंचायतीच्या खोलीत टमरेलांचा ढीग साठला आणि बायका येऊन आपापलं ओळखून परत मागायला लागल्या. मग तालुक्याची स्पर्धा आली. तपासणीच्या आदल्या दिवशी शेणी बाहेर काढल्या, चुना मारला, रांगोळ्या घातल्या. पाहुणे खूश होऊन गेले, वेशीवर हागणदारीमुक्त गावाचा फलक लागला, आणि आठवड्याभरात त्याच फलकाच्या आडोशाला माणसं बसायला लागली. आडोसा चांगला होता, हे मान्य करायला हवं.

माणसं का जात नाहीत, हे मला कागदावरून कधी कळलं नव्हतं. हौसाक्कांना बोलता बोलता कळायचं. खड्डा भरेल, ही खरी भीती होती. भरला तर उपसायचं कुणी? ज्यांच्या आज्या-पणज्यांकडून हे काम गावानं करून घेतलं होतं, ती माणसं आता करणार नव्हती आणि करूही नये. मग एके सकाळी आक्कांनी बायकांना परसात बोलावलं. त्यांच्या शौचालयाला दोन खड्डे होते. एक भरून बंद केला होता, त्याला दीड-दोन वर्षं झाली होती. आक्कांनी स्वतः झाकण सरकवलं, आत उतरल्या, आणि ओंजळभर काळी, भुसभुशीत माती वर काढून दाखवली. वास नाही, काही नाही. बायकांनी तोंडाला पदर लावले होते, ते हळूहळू खाली आले. आक्कांनी ती माती नेऊन वांग्याच्या रोपांना घातली. मानाच्या घरातली बाई हे हातानं करतेय, हे बघून माझ्या अंगावर काटा आला. पण गाव काय म्हणालं? आक्का लय धाडसाची बाई हाय, म्हणालं, आणि टमरेल घेऊन ओढ्याला गेलं.

"मानाच्या घरातली" म्हटलं, ते सांगायला हवं. चैत्रात भैरोबाची यात्रा भरते. देवळातून पालखी निघते, तेव्हा पहिला खांदा कुणी द्यायचा, हे तिथे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. तो मान आक्कांच्या घराचा. आदल्या दिवशी देवळातून मानाचा विडा त्यांच्या घरी यायचा. आक्कांचे यजमान थोरले, ते गेल्यावर विडा घरातली थोरली म्हणून आक्कांच्या हातात यायचा आणि त्या तो धाकट्या दिरांना द्यायच्या. दीर म्हणजे तात्या, सैन्यातून सुभेदार होऊन आलेले, मिशीला पीळ, आवाजाला धार. घर एकत्र होतं. तात्यांना वर्षातून एक दिवस पालखीला खांदा देताना पाहिलं, की हा माणूस बाकीचे दिवस त्या एका दिवसासाठी जगतो, असं वाटायचं. गावात जमिनीवरून भांडणं झाली तरी मिटतात. मानावरून झालेलं भांडण नातवंडांपर्यंत चालतं. माझ्या माहेरीही तसंच आहे.

त्या वर्षी यात्रेच्या बैठकीला मी पाराच्या कडेला बसले होते. वर्गणी, तमाशा, कुस्त्या, सगळं ठरलं. उठायची वेळ झाली, तेव्हा बायकांच्या बाजूनं हौसाक्का उभ्या राहिल्या. "माजं एक हाय," त्या म्हणाल्या. "ज्या गल्लीतली समदी घरं संडासात जात्याल, एकबी घर ऱ्हायचं न्हाई, त्या गल्लीला पुढल्या सालापास्नं पालखीचा पयला खांदा. वस्तीबी त्यात धरायची. आमच्या घरचा मान मी सोडला." एक जण म्हणाला, "आक्का, देवाचा मान असा बक्षिसाला लावत्यात व्हय?" त्यावर त्या म्हणाल्या, "देव येशीवरनं जातुया. घाणीतनं जातुया. त्यो बोलत न्हाई म्हनून त्येला चालतंय, आसं तुमाला कोन म्हनलं?" तात्या उठले, चप्पल घातली आणि कुणाकडेही न बघता निघून गेले. मी आयुष्यभर अनुदानाचे कागद हलवले. माणसाला हलवायचं तर त्याला काय द्यावं लागतं आणि ते देण्यासाठी स्वतःजवळचं काय सोडावं लागतं, हे मला त्या पारावर कळलं.

आणि गाव हललं! नियम असा की अख्खी गल्ली जिंकणार नाहीतर अख्खी गल्ली हरणार, आणि एका गल्लीची तपासणी दुसऱ्या गल्लीतल्या बायका करणार. बायकांना फसवणं सोपं नसतं. त्या चुना बघत नव्हत्या, कडीवर गंज आहे का, दाराला कोळिष्टक आहे का, बादलीचा तळ ओला आहे का, ते बघायच्या. ज्या माणसांनी आयुष्यात एकमेकांच्या बांधावर पाय ठेवला नव्हता, ती शेजाऱ्याचा खड्डा खणायला लागली, कारण शेजारी राहिला तर गल्ली राहणार. मधल्या गल्लीत एक आंधळे आजोबा होते, त्यांच्यासाठी पोरांनी खाटेपासून शौचालयाच्या दारापर्यंत दोरी बांधली. माळावर पाणी नव्हतं, तर वस्तीतल्या बायकांनी प्रत्येक दाराशी एक मडकं ठेवलं, त्याला दुसऱ्या कशासाठी हात लावायचा नाही. वस्तीतले जाणते बिरूअण्णा मला म्हणाले, "म्याडम, आमी जित्राबामागं निम्मं साल भाईर. आमास्नी कोन धरणार?" मी आक्कांना विचारलं. "घरात ऱ्हात्यात ती मानसं बगायची," आक्का म्हणाल्या, "मेंढरामागं गेलेला रानातच बसणार की." बिरूअण्णांना एवढं पुरलं. पालखीला खांदा तर सोडाच, पालखी माळावर कधी गेलीही नव्हती.

पुढच्या चैत्राच्या तोंडावर शेवटच्या तपासणीला दोनच उरल्या. थोरली गल्ली आणि वस्ती. वस्तीतल्या बायका थोरल्या गल्लीत आल्या, घर न् घर पाहिलं, आक्कांच्या घराला तर बोट ठेवायला जागा नव्हती. दोन्हीकडे सगळी घरं पुरी, तर जुना मान म्हणून थोरल्या गल्लीलाच द्यावं, असं गावात बोललं जायला लागलं. थोरल्या गल्लीतलं मानाचं घर कोणतं, हे सांगायला नकोच. मी मनात म्हटलं, वा आक्का! मानही घरात राहिला आणि गावही सुधारलं. मला तर कौतुकच वाटलं त्या हुशारीचं. तसं त्यांना बोलूनही दाखवलं. त्या शेंगा फोडत राहिल्या. माझ्या त्या बोलण्याची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी पारावर गाव जमलं. मी ठराव लिहायला पेन उघडलं. आक्का उभ्या राहिल्या आणि त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं, "थोरली गल्ली न्हाई बसत. आमचं घर ऱ्हायलंय. घरातलं एक मानूस अजून वढ्याला जातंय." कुणाला कळेना. मग सगळ्यांच्या नजरा तात्यांकडे वळल्या. तात्या रोज पहाटे दुधाची किटली घेऊन डेअरीकडे जायचे, असं गाव समजत होतं. किटलीत दूध नसायचं, पाणी असायचं. एवढ्या दिवसांत कुणाला संशयही आला नव्हता. ज्या माणसानं सगळी नोकरी सैन्याच्या बराकीत काढली, तिथल्या शौचालयापुढं रांगेत उभं राहून काढली, त्याला घरात देव्हाऱ्यापासून वीस पावलांवर जाणं अधर्म वाटत होतं. त्यात काही लबाडी नव्हती. ती त्यांची श्रद्धा होती आणि आक्कांना ती माहीत होती. त्यांनी किती मनधरणी केली असेल, ते त्या दोघांनाच ठाऊक. "वैनी," तात्या एवढंच म्हणाले. आक्का रडत होत्या. रडत रडतच म्हणाल्या, "भावजी, मी गावाला खरं बोलाय लावलं. मी कसं खोटं बोलू?"

यात्रेच्या आदल्या दिवशी विडा आक्कांच्या घरी आला, शेवटचा. त्या तो घेऊन पायी माळावर गेल्या आणि बिरूअण्णांच्या हातात ठेवला. अण्णांनी पटका काढून बाजूला ठेवला होता. त्या आडदांड माणसानं विडा दोन्ही हातांनी घेतला आणि कपाळाला लावला. दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या माणसांनी पालखी उचलली. थोरल्या गल्लीत पालखी आली, तेव्हा आक्का दारात घागर घेऊन उभ्या होत्या. खांदा देणाऱ्यांच्या पायांवर पाणी घालायची तिथली रीत. बिरूअण्णा पाय मागे घेत होते, "आक्का, नगं, नगं" म्हणत होते. आक्कांनी त्याच पायांवर पाणी घातलं. माडीवरची खिडकी बंद होती. आत तात्या होते.

तात्या पुढं कधी त्यांच्याशी बोलले नाहीत. त्यांच्या हातचं जेवायचे नाहीत, त्यांची बायको वाढायची तेव्हा जेवायचे. एका घरात, एका चुलीवर, वर्षानुवर्षं! ही किंमत आक्कांनी मोजली आणि तिचा गवगवा केला नाही. दर चैत्रात बैठक भरायची, कोणती गल्ली बसते ते विचारायचे, आणि आक्का उठून सांगायच्या, "आमचं घर अजून न्हाई." गावाला आता वाटायचं, पुरे झालं, एका म्हाताऱ्याचं काय धरायचं, म्हणावं बाईनं हो. त्या म्हणायच्या नाहीत. कधी मधली गल्ली, कधी वस्ती, असा मान फिरत राहिला, थोरल्या गल्लीत मात्र परत आला नाही. नवल म्हणजे गल्लीनं कधी आक्कांना दोष दिला नाही. दोष देता येण्यासारखं त्यांनी काही ठेवलंच नव्हतं. माझी पाटणकडे बदली झाली, तिथल्या गावांत मी ही गोष्ट सांगायची, पण सांगून काही होत नाही. प्रत्येक गावाला आपली आक्का लागते, आणि ती कुठल्या योजनेत मिळत नाही.

या थंडीत मी त्यांना शेवटचं भेटले. वाळल्या होत्या, भिंतीला धरून चालत होत्या. परसाकडे जायला निघाल्या म्हणून मी हात द्यायला उठले, तर हात झटकला. जाऊन आल्या, हातपाय धुतले, दमून खाटेवर बसल्या. मग हसून म्हणाल्या, "कुनाला उचलाय लागत न्हाई बग मला. सांजचं पोटभर जेवती मी." त्यांच्या डोळ्यांत त्या वेळी जे समाधान होतं, ते मी कुठल्याही बक्षीस घेणाऱ्याच्या डोळ्यांत पाहिलेलं नाही.

आता परवाची बैठक सांगते आणि थांबते. यंदाच्या बैठकीला मी मुद्दाम गेले. पाराच्या कडेला बसले, बायकांच्या बाजूला. यात्रा कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, "हौसाक्का आपल्यातनं गेल्या. त्यांच्या आठवणीसाठी यंदाचा पयला खांदा त्यांच्या घराला द्यावा, आसं कमिटीचं मत हाय." टाळ्या पडल्या. बिरूअण्णा आता थकलेत, तेही उठून म्हणाले, "व्हय, त्यांचाच हाय, त्यांच्याकडं जाऊ द्या." इतक्या वर्षांनी मान घरी चालला होता. माझे डोळे भरून आले. तात्या पुढेच बसले होते. काठी टेकत ते उभे राहिले. आता हा माणूस हात जोडणार, असंच सगळ्यांना वाटलं.

"न्हाई," तात्या म्हणाले.

आवाजाची धार गेलेली होती. "आमचं घर अजून न्हाई. मी वढ्याला जातोय अजून... आजबी सकाळी गेलतो." "ती असती तर तिनंच सांगितलं असतं. मला राग येत हुता तवा. आता सांगाय कोन न्हाई, म्हनून मी उभा ऱ्हायलो." अध्यक्ष समजुतीनं म्हणाले, "तात्या, आवं ऱ्हाऊ द्या की आता. उद्यापास्नं जावा घरात, झालं." त्यावर तात्या म्हणाले, "जाईन. उद्यापास्नं जाईन. पर ह्या सालचं ह्या सालाला." बसायच्या आधी त्यांनी पलीकडे बायकांच्या बाजूला एकदा पाहिलं आणि मग वहीत लिहिणाऱ्या नव्या ग्रामसेवकाला म्हणाले, "लिवा, साहेब. थोरली गल्ली, एक घर बाकी."